संस्थेवर विश्वस्त म्हणून बोलावणं आलंय? 'हो' म्हणण्याआधी एवढं वाचा



धंद्यात चार-पाच वर्षं टिकलात, बाजारात थोडं नाव झालं, की एक फोन हमखास येतो. "साहेब, आमच्या संस्थेवर या ना विश्वस्त म्हणून. काम फारसं नाही. दोन-तीन महिन्यांतून एक मीटिंग, बाकी आम्ही बघतो." फोन करणारे कधी गावाकडची शाळा चालवणारे असतात, कधी वृद्धाश्रमवाले, कधी समाजाचं वसतिगृह सांभाळणारे, कधी आपल्याच पेठेतल्या मंडळाचे कार्यकर्ते. माणसं चांगली असतात, काम चांगलं असतं, आणि लेटरहेडवर आपलं नाव छापलेलं बघायला कोणाला आवडत नाही? आपण 'हो' म्हणून मोकळे होतो.

आजचा धडा त्या 'हो'बद्दल आहे. "काम फारसं नाही" हे वाक्य चुकीचं आहे. विश्वस्ताला काम आहे, जबाबदारी आहे, आणि हलगर्जीपणा झाला तर भरपाई स्वतःच्या खिशातून करायची वेळही येऊ शकते. पण घाबरून पळायचंही कारण नाही. धंदा करणाऱ्या माणसाकडे जे गुण असतात त्यांची अशा संस्थांना फार गरज असते. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की बसवावी लागते: दुकानात तुम्ही मालक आहात, संस्थेत तुम्ही विश्वस्त आहात. दुकानातला पैसा तुमचा. संस्थेतला पैसा तुमचा नाही, अध्यक्षांचा नाही, आणि ज्यांनी संस्था काढली त्यांचाही नाही.

खालचा प्रत्येक मुद्दा याच एका वाक्यातून निघतो.

आधी ओळख करून घेऊ: मंडळ म्हणजे कोण?

महाराष्ट्रात ना-नफा काम करणाऱ्या संस्था साधारण तीन प्रकारांत दिसतात.

१. सार्वजनिक न्यास म्हणजे पब्लिक ट्रस्ट. याला 'महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०' लागू होतो. वर बसलेल्या माणसांना 'विश्वस्त' म्हणतात.

२. सोसायटी, म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची संस्था. यासाठी किमान ७ सभासद लागतात. कारभार कार्यकारी मंडळ बघतं. महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंद १९५० च्या कायद्याखालीही होते. म्हणजे तुमच्या पदाचं नाव 'कार्यकारिणी सदस्य' असलं तरी कायद्याच्या नजरेत तुम्ही विश्वस्तच.

३. कलम ८ ची कंपनी. ही २०१३ च्या कंपनी कायद्याखाली निघते. इथे संचालक मंडळ असतं. ही कंपनी नफा कमावू शकते, पण लाभांश म्हणून वाटू शकत नाही. नफा कामातच परत घालायचा.

पहिल्या दोन प्रकारांचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे जातो. पुण्यात त्यासाठी सह धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. नोंदणी क्रमांकही ओळखता येतो: सोसायटीचा बहुधा 'एफ' अक्षराने सुरू होतो, इतर सार्वजनिक ट्रस्टचा 'ई'ने. बोलावणं आलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, "आपला नोंदणी क्रमांक काय?" तो सांगायला जर चार दिवस लागले, तर तिथेच सावध व्हा.

पुण्यातला १८९० चा धडा

हा विषय कायद्याच्या पुस्तकातून शिकण्यापेक्षा आपल्या शहरातून शिकू या.

१ जानेवारी १८८० ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, नामजोशी, आणि लगेच पुढे आगरकर. १८८१ मध्ये याच मंडळींनी 'केसरी' आणि 'मराठा' ही वर्तमानपत्रं काढली. शाळा चालली, आणि २४ ऑक्टोबर १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. लगेच २ जानेवारी १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज उघडलं.

या सोसायटीची रचना नीट बघा. आजीव सदस्यांनी वीस वर्षं संस्थेत काम करायचं, ठरलेल्या तुटपुंज्या पगारावर. महिना ७५ रुपये हा आकडा आपण गोखल्यांच्या चरित्रात वाचलेला असतो, तो इथलाच. रोजचा कारभार आजीव सदस्यांचं मंडळ बघणार, आणि त्यावर बाहेरची मोठी माणसं असलेली नियामक समिती. म्हणजे आज आपण ज्याला 'गव्हर्नन्स' म्हणतो, त्याची व्यवस्था त्यांनी पहिल्या दिवसापासून केली होती.

तरीही भांडण झालं. कशावरून? आजीव सदस्याने बाहेर काम करावं का, बाहेरून पैसे मिळवावेत का, यावरून. टिळकांचं म्हणणं असं की, ज्याने संस्थेला स्वतःला वाहून घेतलं त्याने सगळा वेळ आणि शक्ती संस्थेलाच द्यावी, बाहेरची कमाई नको. आगरकर, गोखले आणि इतरांचं म्हणणं, संस्थेचं काम चोख केल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं तेव्हा हा वाद आणखी चिघळला. राजकीय आणि सामाजिक मतभेद होतेच. शेवटी १८९० च्या अखेरीला टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला.

आता उद्योजक म्हणून यातून तीन गोष्टी टिपून घ्या.

एक. इथे कोणीही पैसे खाल्ले नव्हते. दोन्ही बाजूंची माणसं प्रामाणिक होती, त्यागी होती. तरी हितसंबंधांचा प्रश्न उभा राहिलाच. हितसंबंधांचा नियम करायचा तो माणसं चोर आहेत म्हणून नाही. चांगल्या माणसांची चांगल्या माणसांशी भांडणं होऊ नयेत म्हणून तो आधीच लिहून ठेवायचा.

दोन. याच मंडळींचा वर्तमानपत्रांचा आणि छापखान्याचा व्यवसायही होता. मतभेद झाल्यावर त्याची वाटणी होऊ शकली. वर्तमानपत्रं टिळकांकडे आली, आर्यभूषण छापखाना इतरांकडे गेला. शाळा-कॉलेजची मात्र वाटणी झाली नाही. कोणी म्हणालं नाही की हे चार वर्ग माझे, ते सहा तुझे. कारण ती कोणाची मालमत्ता नव्हतीच. धंदा आणि संस्था यांतला फरक इतक्या स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

तीन. टिळकांसारखा माणूस बाहेर पडूनही संस्था टिकली. आज फर्ग्युसन रस्त्यावरून जाताना दिसते. जमीन, पैसा, नियम, सगळं संस्थेच्या नावावर होतं, म्हणून टिकली. तुम्ही ज्या संस्थेवर जाताय ती संस्था उद्या संस्थापक गेले तर चालेल का? मंडळाचं खरं काम हे बघणं आहे.

मंडळाचं काम कोणतं, आणि कोणतं नाही?

सोपं करून सांगतो. मंडळ ठरवतं, कर्मचारी करतात, आणि मंडळ तपासतं. स्वयंपाकघरात कांदा कोण चिरणार हे मंडळाने ठरवायचं नाही. पण वसतिगृहातल्या मुलांना पोटभर जेवण मिळतं का, हे मंडळाने बघायलाच हवं.

मंडळाची मुख्य कामं चार:

दिशा. संस्थेच्या घटनेत उद्देश लिहिलेले असतात. प्रत्येक मोठा निर्णय त्या उद्देशात बसतो का, हे बघायचं. शिक्षणासाठी काढलेल्या संस्थेने एकदम रुग्णवाहिका घ्यायची ठरवली, तर काम पुण्याचं असलं तरी आधी घटना उघडा.

पैसा. अंदाजपत्रक मंजूर करणं, दर तिमाहीला जमाखर्च बघणं, लेखापरीक्षण वेळेत करून घेणं. देणगी आणणं हाही यातलाच भाग आहे, पण आणलेल्या पैशाचा हिशेब विचारणं हा त्याहून मोठा भाग.

माणसं. मुख्य अधिकारी नेमणं, त्याच्या कामाचा आढावा घेणं, पगार वेळेवर होतात का बघणं. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याप्रमाणे (२०१३) अंतर्गत समिती आहे का, हेही मंडळानेच विचारायचं. आणि ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांचा आवाज मंडळापर्यंत पोहोचतो का, हेही. पुण्यातली कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था बघा. तिथे कचरा वेचणाऱ्या महिला स्वतः संचालक मंडळावर बसतात. प्रत्येक संस्थेला तसं जमेलच असं नाही, पण ऐकण्याची काहीतरी सोय हवीच.

कायदा. नोंदी, अर्ज, परवानग्या वेळेत.

पदांचं थोडक्यात: अध्यक्ष सभा चालवतो आणि सगळ्यांना बोलू देतो. सचिव नोटीस, इतिवृत्त आणि कागदपत्रं सांभाळतो. खजिनदार हिशेब मंडळापुढे मांडतो. पण लक्षात ठेवा, हिशेब मांडायचं काम खजिनदाराचं असलं तरी जबाबदारी सगळ्या मंडळाची. "मी खजिनदार नव्हतो, मला काय माहीत" हे उत्तर चालत नाही. गंभीर हलगर्जीपणामुळे किंवा पैशाच्या गैरवापरामुळे संस्थेचं नुकसान झालं, तर धर्मादाय आयुक्त ते विश्वस्ताकडून भरून घ्यायचा आदेश देऊ शकतात. विश्वस्ताला निलंबित करायचे आणि काढून टाकायचे अधिकारही कायद्यात आहेत.

मालकाच्या पाच सवयी, ज्या संस्थेत नडतात

आता आपल्या मूळ मुद्द्यावर येऊ. दुकानात ज्या सवयींनी तुम्ही मोठे झालात, त्यांतल्या काही संस्थेच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवायच्या.

सवय १: "आत्ता माझ्या खिशातून घालतो, नंतर काढून घेतो."
धंद्यात आपण हे रोज करतो. पगाराला दोन लाख कमी पडले, घरून आणले, पुढच्या महिन्यात उचलले. संस्थेत हे कर्ज ठरतं. आणि सार्वजनिक न्यासासाठी कर्ज घ्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तुम्ही चांगल्या मनाने पैसे घातले, पण पुढच्या वर्षी ते परत काढताना लेखापरीक्षक विचारणार, परवानगी कुठे आहे? म्हणून द्यायचे तर देणगी म्हणून द्या, पावती घ्या, आणि विसरा. परत हवे असतील तर आधी परवानगी.

सवय २: "काम बाहेर कशाला द्यायचं, आपलाच छापखाना आहे की."
समजा संस्थेला २,००० वह्या छापून हव्यात आणि तुमचा छपाईचा व्यवसाय आहे. तुम्ही स्वस्तात करूनही द्याल. तरी पद्धत अशी: घटना अशा व्यवहाराला परवानगी देते का बघा. देत नसेल तर विषय संपला. देत असेल तर तुमचा संबंध सभेत सांगा, तीन लेखी दरपत्रकं मागवा, आणि तो विषय चालू असताना बाहेर जाऊन बसा. इतिवृत्त असं लिहिलं जायला हवं:

"वह्यांच्या छपाईसाठी आलेली तीन दरपत्रके सभेपुढे ठेवली. त्यांपैकी एक दरपत्रक विश्वस्त श्री. अ यांच्या छापखान्याचे असल्याचे त्यांनी सभेस सांगितले व या विषयापुरते ते सभेबाहेर गेले. चर्चेअंती सर्वांत कमी दराचे दरपत्रक मंजूर करण्यात आले."

चार ओळी आहेत, पण उद्या कोणी बोट दाखवलं तर ढाल याच चार ओळींची. आयकराच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचं आहे. विश्वस्ताला किंवा त्याच्या नातेवाइकाला संस्थेकडून अवाजवी फायदा मिळाला, तर संस्थेची करसवलत धोक्यात येते. माझा सल्ला: पहिली दोन वर्षं संस्थेचं एकही काम स्वतःच्या धंद्यात घेऊच नका.

सवय ३: "जिथे व्याज जास्त, तिथे पैसा."
स्वतःचा पैसा कुठे ठेवायचा, हा तुमचा प्रश्न. संस्थेचा शिल्लक पैसा कुठे ठेवायचा, हे कायदा सांगतो: शेड्युल्ड बँक, पोस्ट, सरकारी रोखे, सरकारने मान्य केलेली सहकारी बँक, अशी ठरलेली ठिकाणं आहेत. मित्राच्या धंद्यात, फ्लॅटच्या बुकिंगमध्ये किंवा ओळखीच्या माणसाकडे 'दीड टक्क्याने' ठेवायचा नाही. मान्य ठिकाणीही सगळी अंडी एका टोपलीत नकोत. पुण्याच्या रुपी बँकेचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, २०२२ मध्ये परवानाच रद्द झाला. ठेव विम्याचं संरक्षण एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाख रुपयांपर्यंतच असतं, आणि संस्था म्हणजे एकच ठेवीदार.

सवय ४: "सही करून ठेवतो, तुम्ही भरा."
कोरा चेक, कोरं व्हाउचर, न वाचलेला ठराव. धंद्यात विश्वासू मुनीम असतो म्हणून आपण करतो. संस्थेत किमान दोघांच्या सह्या, आणि दोघांनीही बिल बघून. ऑनलाइन व्यवहारात एकाने भरायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं. ओटीपी एकाच माणसाच्या मोबाइलवर येत असेल, तर दोन सह्यांचा नियम कागदावरच राहिला.

सवय ५: "मी ठरवलं, विषय संपला."
मालकाचा निर्णय एका मिनिटात होतो. विश्वस्ताचा निर्णय नोटीस, गणसंख्या, चर्चा, ठराव आणि इतिवृत्त या रस्त्यानेच जातो. जागेच्या बाबतीत तर फारच. न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची, गहाण टाकायची, किंवा शेतजमीन १० वर्षांपेक्षा आणि इतर जमीन वा इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. त्याशिवाय केलेला व्यवहार ग्राह्य नाही.

आणि मंजुरी मिळाली म्हणजे काम झालं असंही नाही. मॉडेल कॉलनीतल्या एच. एन. डी. जैन बोर्डिंगच्या जागेचा विषय २०२५ मध्ये पुणेकरांनी पाहिला. विक्रीला मंजुरी मिळालेली होती. पण माजी विद्यार्थी आणि समाज रस्त्यावर उतरला, प्रश्न विचारले गेले, आणि अखेर ऑक्टोबरमध्ये व्यवहार मागे घेतला गेला. त्यात कोणाचं काय चुकलं हा आपला विषय नाही. आपण शिकायचं ते एवढंच, की कायद्याची परवानगी ही किमान अट आहे. ज्यांच्यासाठी ती जागा कोणीतरी दिली होती, त्यांना विचारात घेणं हे त्याच्या वरचं कर्तव्य.

ताळेबंद वाचा: बँकेतले सगळे पैसे खर्चायचे नसतात

धंदेवाल्या माणसाचा खरा उपयोग इथे होतो. पण संस्थेचा ताळेबंद दुकानासारखा वाचला तर फसाल. एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

खजिनदार सभेत सांगतात, "बँकेत १४,६०,००० रुपये आहेत, काळजी नको." सगळे माना डोलावतात. तुम्ही विचारायचं: यातले मोकळे किती?

- स्थायी निधी, म्हणजे मुद्दल न मोडायच्या अटीवर आलेली रक्कम: ६,००,०००
- एका देणगीदाराने फक्त वाचनालयासाठी दिलेले: ३,५०,०००
- एका कंपनीच्या सीएसआर प्रकल्पाचे न खर्चलेले: २,८०,०००

बेरीज १२,३०,०००. म्हणजे मोकळे उरले फक्त २,३०,०००.

आता पगार आणि भाडं मिळून महिन्याचा खर्च १,१५,००० असेल, तर संस्थेकडे दोन महिन्यांचा श्वास आहे. १४ लाखांवाली निवांत संस्था एका प्रश्नात दोन महिन्यांवर आली. वाचनालयाच्या पैशातून पगार केला तर देणगीदाराचा विश्वास मोडला, आणि तिथून संस्था घसरायला लागते. म्हणून दर सभेत हा प्रश्न विचारा. पहिल्यांदा लोक तुमच्याकडे बघतील. तिसऱ्या सभेपासून खजिनदार उत्तर तयार ठेवून येतील.

देणग्यांबद्दल एक छोटी गोष्ट: २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी रोखीत आली तर देणगीदाराला ८०जी ची सवलत मिळत नाही. म्हणून चेक किंवा ऑनलाइन. आणि परदेशातून एक डॉलरही घ्यायचा असेल तर आधी एफसीआरए ची नोंदणी किंवा परवानगी. अमेरिकेतल्या भाच्याच्या परदेशी मित्राने प्रेमाने पाठवले, तरी नियम तोच.

विश्वस्ताचं वर्ष: भिंतीवरच्या कालनिर्णयावर खुणा करा

- फेब्रुवारी: पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक. ज्या संस्थांना ते कार्यालयात द्यावं लागतं, त्यांनी वर्ष सुरू होण्याच्या किमान एक महिना आधी द्यायचं.
- ३१ मार्च: हिशेब बंद. रोख शिल्लक प्रत्यक्ष मोजा, ठेवींच्या पावत्या डोळ्यांनी बघा.
- ३१ मे: ८०जी असलेल्या संस्थेने देणगीदारांचं विवरण आयकर खात्याकडे द्यायचं.
- ३० सप्टेंबर: लेखापरीक्षण अहवाल. सीएचे शेरे मंडळाने वाचायचे, फक्त सह्या करायच्या नाहीत.
- ३१ ऑक्टोबर: सर्वसाधारणपणे आयकर विवरणपत्राची मुदत.
- मंडळात कधीही बदल झाला तर: ९० दिवसांत बदल अर्ज.

मुदती आणि नमुने बदलत असतात, तेव्हा दरवर्षी एप्रिलमध्ये संस्थेच्या सीएला एकदा विचारून घ्या. पण विचारायचं काम मंडळाचंच.

यातला बदल अर्ज पुन्हा एकदा सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. जुने विश्वस्त वारले, नवे आले, पण सरकारी नोंदीत अजून जुनीच नावं. मग बँक खातं अडतं, अनुदान अडतं, आणि दोन गट 'खरं मंडळ आमचंच' म्हणून वर्षानुवर्षं भांडत बसतात.

'हो' म्हणण्याआधी मागायचे सात कागद

१. संस्थेची घटना किंवा न्यासपत्र. पूर्ण वाचा, विशेषतः उद्देश आणि मंडळाचे अधिकार.
२. परिशिष्ट एकचा ताजा उतारा. आज नोंदीवर विश्वस्त कोण आहेत, मालमत्ता काय आहे, ते कळतं.
३. गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, शेऱ्यांसकट.
४. गेल्या वर्षभराची इतिवृत्तं. सभा खरंच होतात का, की एकाच दिवशी बसून बारा सभा लिहिल्यात, हे अक्षरावरून आणि शाईवरूनही कळतं!
५. चालू असलेले खटले आणि आलेल्या नोटिसा.
६. थकलेली देणी: पगार, भविष्य निर्वाह निधी, टीडीएस, भाडं.
७. आयकर नोंदणीची पत्रं, आणि ती किती तारखेपर्यंत वैध आहेत.

कागद मागितले म्हणून कोणी रागावलं, "आमच्यावर विश्वास नाही का?" असं म्हणालं, तर नम्रपणे सांगा, "विश्वास आहे म्हणूनच विश्वस्त व्हायचा विचार करतोय." चांगल्या संस्थेला असा माणूस हवाच असतो. जिथे हा प्रश्न अपमान वाटतो, तिथे तुमचं नाव फक्त शोभेला हवंय.

आणि 'नाही' म्हणणं हाही मान्य पर्याय आहे. "मला वेळ देता येणार नाही, पण दरवर्षी अमुक देणगी देईन" किंवा "हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून देईन, मंडळावर नको," असं सांगा. आधीच कुठे विश्वस्त असाल आणि जमत नसेल, तर राजीनामा लेखी द्या, पोच घ्या, तो सभेत मंजूर झाल्याचा ठराव मागा, आणि बदल अर्ज दाखल झाला की त्याची प्रत घरी ठेवा. नुसतं सभांना जायचं बंद केलं म्हणजे तुम्ही सुटलात असं होत नाही. नोंदीवर नाव आहे तोवर प्रश्न तुम्हालाही विचारला जाणार.

यातून धंद्याला काय मिळतं?

ओळखी मिळतात, मान मिळतो, हे तर आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दुसऱ्याचा पैसा सांभाळायची शिस्त लागते. उद्या तुम्ही बँकेचं कर्ज घ्याल, भागीदार घ्याल, कंपनी काढाल, तेव्हा तुमच्या धंद्यातला पैसाही पूर्ण तुमचा राहणार नाही. दोन सह्या, लेखी ठराव, 'मोकळे किती?' हा प्रश्न, हे सगळं तेव्हा अंगवळणी पडलेलं असेल. मालकाला विश्वस्तासारखं वागता आलं की धंदा त्याच्यानंतरही चालतो.

या आठवड्याचा गृहपाठ

तुम्ही ज्या एखाद्या संस्थेशी जोडलेले आहात, शाळा, देवस्थान, गणेश मंडळ, कोणतीही, तिच्या शेवटच्या लेखापरीक्षण अहवालाची प्रत मागा. स्थायी निधी आणि ठरावीक कामासाठी आलेले पैसे वजा करा, आणि मोकळे किती उरतात ते काढा. मग महिन्याच्या खर्चाने भागा. जो आकडा येईल, तितके महिने ती संस्था कोणाच्याही मेहेरबानीशिवाय चालू शकते.

आकडा तीनपेक्षा कमी आला, तर पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर हा विषय लेखी द्या. विश्वस्त म्हणून तुमचं काम तिथूनच सुरू होतं.